बाग जपायची की माळी?

सिसिंगहर्स्टच्या पांढऱ्या बागेचा फोटो तुम्ही कुठे ना कुठे बघितला असेलच. इंग्लंडमधल्या केंटची ती बाग, मधोमध एक लोखंडी मांडव आणि त्याच्यावर पांढऱ्या गुलाबाचा असा काही डोंगर की खालचं लोखंड शोधावं लागतं. फोटोखालची ओळ ठरलेली असते, लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट हिची जगप्रसिद्ध पांढरी बाग. आता गंमत बघा. व्हिटा गेली १९६२ ला आणि तो मांडव आला १९७० मध्ये. तिच्या वेळी तिथे बदामाची चार झाडं होती, गुलाबाची वेल त्यांच्यावर चढवलेली, आणि ती वेल एवढी माजली की तिच्या भाराखाली झाडंच मेली, मग तिच्या मुलाने, नायजेलने, लोखंडाचा सांगाडा आखून दिला. म्हणजे ज्या गोष्टीसमोर उभं राहून लोक मोबाइल वर करतात ती व्हिटाने आयुष्यात कधी बघितलेलीच नाही.

मला यात फसवणूक वगैरे अजिबात दिसत नाही, उलट मला हेच आवडतं. पण मग एक सरळ प्रश्न पडतो. दर थोड्या वर्षांनी कुणीतरी मोठ्याने हाक देतं की अमुक लेखकाची बाग वाचवा, वारसा आहे, हातचा जाईल. २०२० मध्ये सिनेमावाल्या डेरेक जार्मनच्या समुद्रकाठच्या झोपडीसाठी आणि तिच्या भोवतीच्या बागेसाठी लोकांनी ३५ लाख पाउंड जमवले, २०२३ मध्ये बागा आखणाऱ्या आणि त्यांच्यावर लिहिणाऱ्या गर्ट्रूड जीकलचं घर आणि बाग, मन्स्टेड वुड, नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने ताब्यात घेतलं, बातम्या आल्या, सगळ्यांना हायसं वाटलं, मलाही वाटलं. पण वाचवलं म्हणजे नक्की काय वाचवलं? लेखकाची खुर्ची काचेत ठेवता येते, हस्तलिखित कपाटात ठेवता येतं, बाग कशात ठेवणार? ती रोज थोडी मरते आणि रोज थोडी उगवते. दहा वर्षं हात लावला नाही तर ती बागच राहत नाही, आणि दहा वर्षं नीट हात लावला तर ती मूळ माणसाची राहत नाही. यातून सुटका नाही हो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते म्हणजे पुढे भांडायला सोपं. बागेवर लिहिणाऱ्यांच्या बागा होत्या तशाच ठेवायचा हट्ट आपण सोडून द्यावा, आणि तो पैसा, ती सगळी हळहळ, काम करणाऱ्या आणि काम शिकणाऱ्या माळ्यांकडे वळवावी. रोपांची यादी जपण्यापेक्षा हात जपावेत.

जीकलपासून सुरू करू कारण वारसा हा शब्द तिच्याच नावाला सगळ्यात जास्त चिकटलाय. (आडनाव जीकल, घरचे असंच म्हणायचे, आणि हो, ते जेकिल अँड हाइडवालं आडनाव हेच, तिच्या भावाची ती गोष्ट लिहिणाऱ्या स्टीव्हन्सनशी दोस्ती होती, तिथून गेलं.) जन्म १८४३ चा, शिक्षण चित्रकलेचं, हाताने भरतकामापासून चांदीकामापर्यंत सगळं करायची, आणि डोळे लहानपणापासून अधू. पन्नाशीच्या आसपास डॉक्टरने सांगितलं की बारीक काम बंद करा. मग तिने रंग कॅनव्हासवरून मातीत नेले असं सगळे लिहितात, ते खरंच आहे, मन्स्टेडला तिचा २०० फूट लांबीचा ताटवा होता, दोन्ही टोकांना निळे करडे थंड रंग आणि मधे येता येता पिवळा, नारिंगी, भडक लाल. पण मला तिची दुसरीच गोष्ट जास्त लक्षात राहिलीय. तिने लिहिलंय की वारा सुटला की पानांच्या आवाजावरून आपण कुठल्या झाडाजवळ उभे आहोत ते तिला बहुतेक वेळा ओळखता येतं. विचार करा, सगळं जग जिला रंगांची बाई म्हणून ओळखतं तिला झाड कानाने कळत होतं.

आणि ते बूट. १९२० मध्ये विल्यम निकल्सन हा चित्रकार तिचं व्यक्तिचित्र काढायला आला, पण बाई उजेड असेपर्यंत बसायलाच तयार नाहीत, उजेड कामासाठी असतो. मग त्याने वाट बघता बघता तिच्या बागकामाच्या जुन्या बुटांचंच चित्र काढलं, फाटलेले, चामडं सुटलेलं, वर्षानुवर्षं चिखलात भिजून वाळून वाकडे झालेले. ते चित्र आज टेट संग्रहालयात आहे. जीकलचा वारसा मला कुणी एका वस्तूत दाखवायला सांगितला तर मी तो ताटवा दाखवणार नाही, मी ते बूट दाखवेन.

कारण हिशोब बघा. तिने सुमारे ४०० बागा आखल्या, त्यातल्या किती तरी एडविन लट्यन्सबरोबर, तोच ज्याने पुढे नवी दिल्ली आखली. लेख लिहिले हजाराच्या वर. बागांपैकी बहुतेक गेल्या. मन्स्टेडची जागासुद्धा ती १९३२ ला गेल्यानंतर तुकड्यातुकड्याने विकली गेली. लेख मात्र सगळे आहेत, पुस्तकं अजून छापली जातात, आणि आज कुणी फुलं लावताना शेजारी कुठला रंग येतोय याचा विचार करत असेल तर तो नकळत तिचंच ऐकत असतो. एकरांनी मोजायच्या बागा पुसल्या गेल्या आणि शाई टिकली.

इथे मला बिआट्रिक्स फॅरंडची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण या सगळ्या वादात इतकं स्पष्ट डोकं मी दुसऱ्या कुणाचं बघितलेलं नाही. फॅरंड अमेरिकन, १८७२ चा जन्म, मोठमोठ्या बागा आखणारी. मेन राज्यात बार हार्बरला तिची स्वतःची रीफ पॉइंट नावाची बाग होती, तिथे शिकण्याचं केंद्र करायचं असं तिचं आणि तिच्या नवऱ्याचं स्वप्न होतं, बागेची माहितीपत्रकं ती स्वतः लिहून छापायची. जीकलच्या मागे राहिलेले नकाशे आणि कागद तिनेच विकत घेतले होते. मग नवरा गेला, १९४७ च्या वणव्याने गावाची रया गेली, बागेला करसवलत मिळेना, आणि आपल्यामागे ही बाग आपल्याला हवी तशी कुणी सांभाळणार नाही हे तिला कळून चुकलं. तेव्हा ती ८३ वर्षांची होती. तिने काय केलं माहितीय? लोकांसमोर पदर पसरला नाही, तिने १९५५ मध्ये स्वतःच बाग मोडली. घर पाडायला दिलं, झाडं विकली, कागदपत्रं आणि पुस्तकं, जीकलचे नकाशे धरून, कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठाला देऊन टाकली. आपली लाडकी काही रोपं बरोबर घेतली आणि एका शेतघरात राहायला गेली, तिथेच १९५९ ला गेली.

लोक याला शोकांतिका म्हणतात. मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा पोटात गोळा आला होता हे कबूल. पण पुढे काय झालं ते बघा. तिची अझेलियाची झुडपं जवळच्याच दुसऱ्या गावात दोन नव्या बागांमध्ये लागली आणि त्या बागा आजही लोकांना खुल्या आहेत. आणि जे नकाशे तिने बर्कलीला पाठवले त्यांच्या प्रती मागवून १९८४ नंतर इंग्लंडमध्ये अप्टन ग्रे नावाच्या गावात एका जोडप्याने जीकलची १९०८ ची एक बाग जवळजवळ जशीच्या तशी पुन्हा उभी केली. त्या बाईंना सुरुवातीला बागकाम धड येतसुद्धा नव्हतं. म्हणजे फॅरंडने स्वतःची बाग मोडली म्हणून दुसऱ्या बाईची बाग परत उभी राहिली, असं म्हणायला हरकत नाही. काय न्यावं आणि काय सोडावं हे तिला कळलं होतं.

हा, आता तुम्ही म्हणाल की बाई, तुम्हीच तुमच्या विरुद्ध पुरावा दिलात, अप्टन ग्रे म्हणजे जशीच्या तशी जपलेली बागच ना? आहे. आणि ती असावी असं मलाही वाटतं. जीकलचा ताटवा कसा दिसायचा हे काळ्यापांढऱ्या फोटोंवरून कळत नाही, एकदा तरी कुठेतरी तो मातीत उभा दिसायला हवा, जसं जुनं संगीत जुन्या वाद्यांवर वाजवून दाखवतात तसं. एक दोन ठिकाणी जरूर करा. माझं भांडण आहे ते तेच एकमेव खरं जतन समजण्याशी. नकाशा बघून बाग लावणारा माळी हा वाजवणारा असतो, आणि वाजवणारे नुसते जुनंच वाजवत बसले तर नवी चीज बांधणार कोण.

क्रिस्टोफर लॉइडला हे बरोबर समजलं होतं. ग्रेट डिक्स्टर हे इंग्लंडमधलं बागेसाठी नावाजलेलं घर त्याचं जन्मघर, १९२१ ला तो तिथेच जन्मला आणि आयुष्यभर तिथेच राहिला, १९६३ पासून चाळीस वर्षांहून जास्त काळ कंट्री लाइफ मासिकात आठवड्याचा कॉलम लिहिला. घराचा विस्तार लट्यन्सने केलेला, गुलाबाची बाग लट्यन्सने आखलेली, म्हणजे वारशाच्या भाषेत बोलायचं तर हात लावायची सोय नाही. १९९३ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या या माणसाने ते गुलाब उपटून काढले आणि तिथे केळी, कर्दळ, डाळिंब्या रंगाचे डेलिया असलं भडक रान लावलं. काय गहजब झाला! पण त्याचं कारण साधं होतं, एकाच मातीत वर्षानुवर्षं गुलाब लावले की माती थकते, नवी रोपं धरत नाहीत, झाडं खुरटतात, आणि शिवाय त्याला त्या गुलाबांचा कंटाळा आला होता. कंटाळा हे मला बागकामातलं अतिशय प्रामाणिक कारण वाटतं. त्याच सुमाराला फर्गस गॅरेट मुख्य माळी म्हणून आला, लॉइड २००६ ला गेला, आणि फर्गस आजही तिथे आहे, दरवर्षी काहीतरी बदलतो, आणि जगभरातून आलेली तरुण मुलं तिथे राहून माती कालवायला शिकतात. डिक्स्टर आज लॉइडच्या वेळेसारखं दिसतं का? नाही. लॉइडचं वाटतं का? शंभर टक्के.

आणि परत सिसिंगहर्स्टला येऊ, कारण तिथे दोन नावं आहेत जी फोटोखाली कधीच येत नाहीत. पॅमेला श्वर्ट आणि सिबिल क्रॉइट्सबर्गर. वॉटरपेरीच्या मुलींच्या बागकाम शाळेत शिकलेल्या या दोघी १९५९ मध्ये आल्या, व्हिटाबरोबर जेमतेम तीन वर्षं काम केलं, आणि त्यानंतर १९९० पर्यंत राहिल्या. व्हिटाची बाग प्रामुख्याने वसंत आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीची, पुढचा बहर या दोघींनी शरदापर्यंत ओढत नेला, नवी रोपं आणली, मेलेली काढली. तीस वर्षं! व्हिटाला स्वतःला ती जागा १९३० पासून ३२ वर्षं मिळाली होती, म्हणजे यांचं माप जवळपास तेवढंच भरतं. व्हिटा मोठी लेखिका होती, १९४६ पासून ऑब्झर्व्हर या वर्तमानपत्रातल्या तिच्या कॉलमची लोक कात्रणं काढून ठेवायचे, पांढऱ्या बागेची कल्पना तिने तिथेच मांडली, बर्फाचे पहिले कण पडत असताना रोपं लावतेय आणि पुढच्या उन्हाळ्यात संधिप्रकाशात या फिक्या बागेवरून पांढरं घुबड तरंगत जाईल अशी आशा आहे असं काहीसं तिने लिहिलं होतं, ते वाचून आजही काटा येतो. पण लिहिणाराच तेवढा लक्षात राहतो. ज्याच्या हातात खुरपं असतं आणि पेन नसतं त्याचं नाव पगाराच्या वहीपलीकडे जात नाही.

जमैका किंकेड या अँटिग्वात जन्मलेल्या लेखिकेने ही दुखरी जागा १९९९ च्या तिच्या बागेवरच्या पुस्तकात चांगलीच दाबलीय. बागेत कुणाचं नाव राहतं? डेलियाचं उदाहरण घ्या. मेक्सिकोतले लोक त्या फुलाला कोकोशोचित्ल म्हणायचे, मग ते माद्रिदला गेलं आणि १७९१ मध्ये त्याला आंदेर्स दाल या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव मिळालं, जो तोवर वारलाही होता. फूल तेच, पण ज्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या लावलं त्यांचं नाव पुसलं आणि ज्याने लावलं नाही त्याचं चिकटलं. मला तर वाटतं थोर लेखकांच्या बागांचं आपण हेच करतोय, फक्त जरा सभ्य पद्धतीने.

जार्मनच्या बाबतीत तर हे फारच उघड आहे. डंजनेसचा तो गोट्यांचा किनारा, पलीकडे अणुवीज केंद्र, काळी लाकडी झोपडी, पिवळ्या खिडक्या, कुंपण नाहीच. १९८६ च्या शेवटी त्याला एचआयव्ही असल्याचं कळलं, १९९४ ला तो गेला, मधल्या सात वर्षांत समुद्राने आणून टाकलेली लाकडं, गंजलेली लोखंडं, खाऱ्या वाऱ्यात तगणारी झुडपं यांची त्याने बाग केली आणि तिची रोजनिशी लिहिली. पुढची चोवीस वर्षं ती कुणी सांभाळली? त्याचा सोबती कीथ कॉलिन्स याने. कॉलिन्स २०१८ मध्ये गेला आणि मगच ती बाग धोक्यात आली, वाचवा वाचवा सुरू झालं. म्हणजे धोका वाऱ्याचा नव्हता, खाऱ्या पाण्याचा नव्हता. एक माणूस कमी झाला होता, बस.

बागेवर लिहिणारी दुसरी इंग्लिश बाई, बेथ चॅटो, तिच्याबद्दल फार नाही लिहीत, तिच्यावर सगळेच लिहितात. एक सांगते. एसेक्समध्ये तिच्याकडे जुनं पार्किंग होतं, चाकांनी दाबून दगड झालेली खडकाळ जमीन, वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास. १९९१-९२ मध्ये तिथे तिने बाग लावली आणि नियम केला की एकदा रुजल्यावर पाणी घालायचं नाही, कितीही कोरडं गेलं तरी. जगेल ते जगेल. अशी बाग जतन करायची म्हणजे तिने लावलेलं प्रत्येक झुडूप जागच्या जागी ठेवायचं, की तो नियम पाळायचा आणि जे मरेल ते मरू द्यायचं? मी तरी नियमाच्या बाजूने आहे. आणि विल्यम रॉबिन्सन, ज्याने १८७० मध्ये रानवट बागेची बाजू घेऊन अख्ख्या व्हिक्टोरियन बागकामाशी वैर घेतलं, त्याची ग्रेव्हटायची बाग त्याच्यामागे खरोखरच रानात गेली आणि १९५८ पासून एका हॉटेलवाल्याने ती परत वर काढली. याच्यावर मी काही बोलत नाही, तुम्हीच हसा.

तर पैसा कशावर जावा. माझ्यासारखी माणसं, ज्यांची मजल कुंड्यांपलीकडे गेली नाही आणि ज्यांची पाइपने पाणी घालताना रोज फजिती होते, आम्ही ही पुस्तकं वाचून शिकलो. कारेल चापेक या चेक लेखकाने १९२९ मध्ये माळ्याच्या वर्षावर जे छोटं पुस्तक लिहिलं, भाऊ योसेफच्या चित्रांसकट, त्यात तो म्हणतो की माळ्याला पाठ कशाला असते तर अधूनमधून सरळ करून पाठ दुखते असं म्हणायला. त्याची प्रागची बाग कशी होती मला माहीत असायची गरजच पडली नाही, माझी पाठ आहे ना. कारेल १९३८ च्या नाताळात गेला, योसेफ १९४५ ला छळछावणीत. वाचणाऱ्याला तो विनोद अजून जिवंत लागतो. म्हणून पहिला खर्च पुस्तकं छापील आणि परवडणारी ठेवण्यावर व्हावा. दुसरा नोंदींवर, प्रत्येक बागेत कुणी काय कधी लावलं, काय मेलं, का मेलं, आणि हे कुणाच्या हाताने झालं त्या नावासकट. आणि बाकीचा सगळा पगारावर. शिकाऊ मुलांच्या पगारावर, त्यांच्या राहण्याच्या खोलीवर, मुख्य माळ्याला बदल करायचा अधिकार लेखी देण्यावर. दहा वर्षांनी बाग ओळखू आली नाही तर? नाही तर नाही. निदान बाग करणं कुणालातरी येत असेल.

हे काही मी नवीन बोलत नाहीये. जॉन क्लॉडियस लाउडन हे दोनशे वर्षांपूर्वी बोलून गेला. १८२२ मध्ये बागकामाचा ज्ञानकोश, १८२६ पासून माळ्यांसाठी मासिक, आणि त्यात हा पठ्ठ्या मोठमोठ्या इस्टेटींची वर्णनं करता करता मधेच विचारायचा की इथल्या माळ्याची खोली ओलसर का आहे, आणि वीट रचणाऱ्या गवंड्यापेक्षा भूमिती आणि वनस्पतींची नावं शिकलेल्या माळ्याला मजुरी कमी का. स्वतःचा उजवा हात त्याने १८२५ मध्ये गमावला होता, डाव्याचीही बोटं धड चालत नव्हती, त्यामुळे सगळं तोंडी सांगायचा. लिहून घ्यायची त्याची बायको जेन. ती आधी कादंबरीकार, बाविसाव्या शतकातल्या वाफेच्या नांगराची गोष्ट तिने १८२७ मध्ये लिहिली, याने ती वाचून लेखकाला भेटायचं म्हटलं, लेखक बाई निघाली, १८३० मध्ये लग्न झालं. लग्नाच्या वेळी तिला बागेतलं काही म्हणता काही येत नव्हतं, ती शिकली, आणि १८४० मध्ये बायकांसाठी जे पुस्तक लिहिलं ते फावडं कसं धरायचं इथपासून सुरू केलं, कारण जाणकारांना नवख्याचं अज्ञान किती खोल असतं ते कळतच नाही असं तिला अनुभवाने कळलं होतं.

लाउडन १८४३ च्या डिसेंबरात गेला. झाडांवरच्या आठ खंडांच्या ग्रंथापायी १०,००० पाउंडांचं कर्ज करून बसलेला, फुप्फुसं निकामी होत आलेली, तरी रात्री उशिरापर्यंत उभ्याने मजकूर सांगत होता, जेन लिहीत होती. तो पडला तोही तिच्याच हातात. सांगत होता ते पुस्तक तरुण माळ्यांनी स्वतःचं स्वतः कसं शिकावं यावर होतं, ते १८४५ मध्ये छापून आलं.